बाबांची झाकली मूठ

काल कूलरला नवा वाळा लावून पाणी सोडलं, आणि त्या ओल्या वासासरशी कोपर्निकस मार्गाजवळचा तो हॉल आठवला. बाहेर उत्तरेतली ती भाजणारी लू वाहत होती आणि आत वाळ्याच्या कूलरांच्या गारव्यात नाणी जमवणाऱ्यांचं उन्हाळी शिबिर भरलं होतं. मी कॉलेजात होते. बाबांनी मला सोबत नेलं होतं ते पहाऱ्याला.

त्यांच्या मुठीत एक शिवराई होती, पानिपतच्या रणभूमीवर, काला अंबजवळच्या एका शेतकऱ्याकडून घेतलेली. तिथल्या लढाईत पडलेल्या कुणा मराठ्याच्या कमरेची, असं ते आमच्या अख्ख्या लक्ष्मीबाई नगरला सांगत.

“नजर ठेव. इथे हातोहात नाणं बदलतात,” ते कुजबुजले. मग मला भिंग पुसणारा प्रत्येक जण चोर दिसू लागला, चहा विचारणाऱ्या बाईसुद्धा.

नाणं तपासून घ्यायची आमची पाळी आली. टेबलामागच्या म्हाताऱ्या जाणकारांनी हात पुढे केला. “दीजिए, देखें तो सही.”

बाबांनी मूठ जराशी उघडली. “यहीं से देख लीजिए.”

जाणकार हसले. “दूर से तो, भाईसाहब, सब असली लगते हैं.”

बाबांनी मूठ मिटली आणि मला ओढतच बाहेर काढलं. “डोळे पाहिलेस त्याचे? बदललीच असती!” मलाही तेव्हा ते पटलं.

आज जाड चष्म्यामागचे ते डोळे आठवले, तर त्यांत लबाडी सापडत नाही. बाबांना संशय शिवराईचाच येत असावा.

त्या दिवशी घरी पोचतो तोच शेजारच्या काकांनी विचारलं, “काय म्हणाले तज्ज्ञ?”

बाबा खिशावर हात ठेवून म्हणाले, “बघतच राहिले!”