साडेनऊ हजार किलोमीटर आणि एक गाठोडं

नागपूर ते मेलबर्न हे अंतर सरळ रेषेत साधारण साडेनऊ हजार किलोमीटर. दिल्लीला विमान बदलायचं, मधला थांबा धरून वीस तास. त्याआधी अमरावतीतल्या राजापेठेतून नागपूर विमानतळ, गाडीने तीन तास. हे सगळं मी वहीत लिहून आईला वाचून दाखवलं. धाकटी बहीण सोनू तिकडे असते, तिचं पहिलं बाळंतपण. कळा सुरू होतील तेव्हा आई उशाशी हवी, एवढंच तिचं मागणं होतं.

विमान गुरुवारचं, आईचा मुहूर्त सोमवारचा. मग तिने प्रस्थान ठेवलं. म्हणजे चांगल्या दिवशी प्रवासातली एखादी वस्तू गाठोड्यात बांधून शेजारी ठेवायची, आणि निघताना तिथून उचलायची. गाठोडं शेजारच्या शोभाकाकूंच्या देवघरात गेलं. मी हसलो. आत काय बांधलंय हे विचारलंही नाही.

गुरुवारी सकाळी सातला गाडी आली, तर काकूंच्या दाराला कुलूप. भाऊ आजारी म्हणून त्या आदल्या संध्याकाळी अकोल्याला गेलेल्या. "राहू दे ते गाठोडं, आई, चल!" मी घाई केली. ती डोळे पुसत गाडीत बसली.

तळेगावला चहाला थांबलो. तिथला चहा झकास, जाणाऱ्यांनी जरूर थांबा. मी सहज कागद तपासायला घेतले.

"आई, तुझा पासपोर्ट?"

"मायबाई! तो तं गाठोड्यातच हाये."

काकूंना फोन लावला. त्या अकोल्यातल्या जठारपेठेत, भावाच्या घरी. "तुमी फिरा माघारी, मी येऊन राहिली," म्हणाल्या, आणि आजारी भावाला सोडून मिळेल त्या एसटीने निघाल्या. त्यांनी कुलूप उघडलं तेव्हा दुपार झाली होती. विमान गेलं. पुढची तिकिटं शनिवारची मिळाली, तारीख बदलायचे पैसे चांगलेच झोंबले.

शुक्रवारी रात्री सोनूला मुलगी झाली. आई फोन मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. मला स्वतःचीच लाज वाटली. गाठोड्यात काय आहे, एवढं विचारलं असतं तर!

शनिवार-रविवारचे ते वीस तास आई गाठोडं छातीशी धरून बसली होती. खालचे ढगही तिने पाहिले नाहीत. मेलबर्नला उतरून घरी पोचलो, तर सोनू रुसून बसलेली.

"आई, मी तुला किती हाका मारल्या! दोन दिवस उशीर केलास."

आईने बाळ उचललं. "उशीर काहून? मी सोमवारीच निघाली व्हती. तू हाका मारून राहिली तवा मी रस्त्यातच व्हती, बाई." सोनू तिच्या कुशीत शिरली आणि दोघी मनसोक्त रडल्या.

आम्ही परतून महिना झाला. रोज फुलांची हातगाडी लावणारी आई ती सोडून तिथे पंधरा दिवस कशी राहिली, याचंच राजापेठेत नवल. शोभाकाकूंचा भाऊ आता हिंडतो-फिरतो. माझी वही कपाटात पडलीय. तास बरोबर होते, पण माणूस नेमकं कधी निघतं, ते तिच्यात लिहायचं राहून गेलं.

काल सोनूचा फोन आला. नवऱ्याला रजा नाही, तिकिटं नाहीत, कधी येणं होईल ठाऊक नाही. पण बाळाचं टोपडं, हळकुंड आणि सुपारी बांधून तिने शेजारणीकडे ठेवलंय.

"पासपोर्ट नाही ना बांधला?" मी विचारलं.

"नाही रे. आईला सांग, आम्ही निघालोय."