डोळे माझे, तिकीट आप्पांचं

मंडळी, डिंडोलीतली कबड्डी बघून थेट सायबर कॅफेत येऊन हे लिहितोय.

माझ्या वडिलांना, आप्पांना, दिसत नाही. शेजारी बसून मी एकेक चढाई सांगतो, तेव्हा कुठे त्यांचा सामना रंगतो.

खिडकीवर पाटी: अंधांना अर्धं तिकीट, सोबत्याला पूर्ण. मी भांडणारच होतो, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "भाऊ, डोळे याचे, हौस माझी. बघणारा एकच झाला ना?"

गुजराती तिकीटवाला हसला. "जाव काका, बन्ने जाव." आप्पांच्या अर्ध्या तिकिटावर आम्ही दोघं आत!

मला हेच रास्त वाटलं. तुम्हाला?

शेवटी एक पकड इतकी जबर झाली, की मी सांगायचंच विसरलो. आप्पांनी कोपर मारलं. "तिकीट माझं आहे, बोल!"