आजी काहून जेवेना

सत्तरच्या सुमाराची गोष्ट. मी नागपूरला नर्सिंग शिकत होते आणि माझं डोकं सदा तापलेलं. त्यात आमच्या शिकवणाऱ्या सिस्टरांची एक खोड. ड्युटी संपली की बसवून विचारायच्या, "आज पेशंटशी काय बोललीस? जसंच्या तसं सांग. आणि तसं का बोललीस, तेही सांग." इकडे पायांचे तुकडे पडलेले, मेसमधली भाजी संपत आलेली, अन् यांना गप्पा सुचतात! मी मनातल्या मनात चरफडायची.

त्या हिवाळ्यात पारशिवनीकडची एक आजी खुब्याचं हाड मोडून आमच्या वॉर्डात आली. आली तशी जेवेचना. वरण-भात पुढे केला की तोंड घट्ट मिटायची. डॉक्टर म्हणाले, उद्या नाकातून नळी घालू. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तशी नळी होती आणि तिनं ती ओढू नये म्हणून तिचे हात बांधलेले. आजी दिवसभर त्या हातांकडे बघत राहिली. मला धसकाच बसला.

संध्याकाळी सिस्टरांपुढे मी चिडूनच सगळं घडाघडा सांगितलं. "मी घास पुढे केला. ती म्हणाली, 'तू जेवली काय वं पोरी?' मी म्हटलं, 'नाही आजी, आधी तुम्ही जेवा, मंग मी.' झालं, तोंड बंद!"

"रोज हेच विचारते?"

"रोज. आणि आम्ही सगळ्याजणी रोज हेच सांगतो..." म्हणता म्हणता मी थांबले. अगं बाई! घरातल्या सगळ्यांची जेवणं झाल्यावरच जी जन्मभर जेवली, ती उपाशी पोरीसमोर घास कशी घेईल? आणि आम्ही मोठ्या मायेनं तिला तेच ऐकवत होतो.

दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधी मी मेसमधून पोळी-भाजी आणली आणि तिच्या खाटेशी स्टुलावर बसून जेवले. वॉर्डात जेवायची आम्हाला सक्त मनाई. सिस्टर खिडकीबाहेर बघत उभ्या राहिल्या. आजी मात्र माझा घासन् घास बघत होती. "हळू खा वं, कोणी हिसकून नाही राहिलं." माझं ताट रिकामं झालं, तेव्हा तिनं आपण होऊन आपल्या वरण-भाताकडे हात नेला. नळी टळली.

मग ते रोजचंच झालं. माझी आई मी शाळेत असतानाच गेलेली. त्यानंतर माझ्या ताटाकडे असं कोणी बघितलंच नव्हतं. जेवायची वेळ कधी होते, असं होऊन जायचं मला.

ती बरी झाली. मुलगा न्यायला आला. तिनं जगावं म्हणून मी जिवाचं रान केलं होतं, आणि आता ती धड झाली म्हणून रडू फुटत होतं. आणखी आठ दिवस राहू द्या तिला, असं डॉक्टरांना सांगावंसं वाटलं. पण कोणत्या तोंडानं सांगणार? मुलानं तिला उचललं आणि मी खाटेवरची चादर काढायला घेतली.

पुढे नोकरीत किती आज्या आल्या नि गेल्या. आता मीच म्हातारी झाले, तरी मला तीच हवी आहे.