दोनशे सत्तेचाळीस नंबरचं पाणी

लातूरच्या आमच्या गल्लीत सलग दोन मिनिटं एका जागी न बसताही दिवसभर प्रत्येकाच्या ओट्यावर बसून असणारा माणूस एकच होता, आणि तो माझा घरमालक होता; सगळे त्यांना चाचा म्हणत. मी सातवीतून शाळा सोडलेला, हिमायतनगराहून पोटासाठी आलेला. लातुरात माझी ओळख म्हणावी तर बसस्टँडवरच्या एका कुत्र्याशी. चाचांनी नाव विचारलं, खोली दिली आणि नाव तिथल्या तिथं विसरले. त्यानंतर मी त्यांच्यासाठी कायमचा ‘हिमायतनगर’ झालो. खोलीत सामान ठेवून मान वर केली, तोवर ते समोरच्या शिंप्याला सुई धरायची योग्य पद्धत शिकवत होते.

चाचांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणजे दुकान होतं आणि चाचा गल्लीत होते. एका ओट्यावर ते वकिलाशी बुद्धिबळ खेळत, दुसऱ्यावर किराणावाल्याशी, तिसऱ्यावर शिंप्याशी. प्रत्येकाकडं एक चाल करायची आणि पुढं निघायचं. चहा एकाकडं अर्धा, दुसऱ्याकडं अर्धा. वाक्यसुद्धा असंच. शिंप्याला म्हणायचे, “खरं सांगू का तुला,” आणि निघून जायचे. शिंपी कात्री हातात धरून थांबलेला असे. गल्लीला वळसा घालून चाचा परत येत आणि म्हणत, “गळा लई खोल कापून राहिलास.” तोवर गळा कापून झालेला असायचा. चाची वैतागून म्हणायच्या, “घरात पाव मिनिट न्हाई ऱ्हात हा माणूस. पण वाटतं कसं, सकाळधरनं माझ्याच उशाला बसून डोकं खाऊन राहिलाय.”

त्या साली लातूर नवंनवं जिल्ह्याचं गाव झालं होतं आणि पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातच राहिला होता. टँकर यायचा. लोकांना पत्र्याचे नंबर वाटलेले होते आणि रोजंदारीवर नंबर पुकारायचं काम मला मिळालं होतं. माझा आवाज जन्मापासून चोरट्यासारखा. मी ‘एकशे बारा’ म्हटलं की पाच बायका घागरी घेऊन पुढं यायच्या आणि पाचही जणींनी आपलाच नंबर ऐकलेला असायचा. मुकादमानं सरळ सांगितलं होतं, सोमवारी मोठे साहेब बघायला येणार आहेत, त्या दिवशी गोंधळ झाला तर मंगळवारी तू हिमायतनगरला. घरी आईला मी कळवून बसलो होतो की मला सरकारी काम लागलं आहे.

चाचांनी हे चार फेऱ्यांत मिळून ऐकलं आणि जाहीर केलं, “जिल्ह्याचं गाव झालं, अन नंबर अजून तोंडानं? नंबर बत्तीचा पाहिजे.”

मग त्यांनी हैदराबादेहून मसुराएवढे लाल दिवे मागवले. दिव्यांच्या सात काड्या मांडल्या की त्यातून कुठलाही इंग्रजी आकडा निघतो; आठाला सातही काड्या पेटतात, एकाला दोनच पुरतात. मराठी पाचही त्या काड्यांत बसलाच पाहिजे म्हणून चाचा दोन दिवस हट्टाला पेटले होते. शेवटी पाचालाच शिव्या घालून गप्प झाले. एका पत्र्याच्या पेटीत तीन आकडे बसवले आणि उन्हात दिसावेत म्हणून वर चाचींच्या छत्रीचं काळं कापड लावलं. चाचींना ते पेटीवरच दिसलं.

रविवारी दिवेलागणीला त्यांनी मला पेटीमागं बसवलं. तीन आकड्यांना सात-सात म्हणजे एकवीस तारा लागायला हव्यात, पण आत दहाच. मी भीत भीत विचारलं, बाकीच्या कुठं गेल्या?

“सात तारा तिघांच्या सामाईक,” चाचा म्हणाले. “बाकीच्या तीन, कोणाची पाळी ते सांगायला. तिघं एकदम कधीच लागत न्हाईत, बेटा. पहिला लागतो, इझतो. मग दुसरा. मग तिसरा. फेरी इतकी जलद की डोळा फसतो. त्याला वाटतं तिघंबी हायेत.”

मला पटेना. तेव्हा त्यांनी मागची, फेरीचा वेग ठरवणारी गुंडी हळूच खाली फिरवली. आकडे थरथरले आणि मग खरंच एकेक करून लागू लागले. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. शाळेत मला कुणी काही इतकं उघडून दाखवलं नव्हतं. तेवढ्यात चाचा म्हणाले, “लई येळ असं ठेवायचं न्हाई. ज्याला तिनातून एकदाच जेवायला मिळतं, त्याचं ताट गच्च भरावं लागतं. पण फेरी थांबली, अन एकाच्याच ताटात वाढत गेलं, तर जळून जातो गरीब.” त्यांनी झटकन बॅटरीची तार काढली आणि त्याच पावली वकिलाकडं चाल करायला गेले. गुंडी खालीच राहिली.

सोमवारी पेटी साहेबांच्या हातानं सुरू व्हायची, म्हणून दोनशे सेहेचाळीस नंबरपर्यंत मी तोंडानं पुकारलं. जीप आली. मी पेटीमागच्या आकड्यांच्या चकत्या फिरवून पुढचा नंबर लावला, साहेबांनी बटण दाबलं. छत्रीच्या कापडाखाली लागला दोन. मग चार. मग सात. पुन्हा दोन.

दोन नंबरची बाई सकाळीच पाणी नेऊन मोकळी झाली होती. ती घागर घेऊन पळत आली. मागोमाग चार नंबरचा पहिलवान. सात नंबरची म्हातारी तर नळी धरूनच उभी राहिली. “साहेबाच्या हातानं लागलाय माझा नंबर,” ती म्हणाली, “आता कोनी न्हाई म्हनू नका.” खरे दोनशे सत्तेचाळीस, एक निवृत्त मास्तर, रिकामी बादली घेऊन मला शांतपणे विचारत होते, “माझा नंबर हप्त्याहप्त्यानं येतोय. मी यावं की थांबावं?”

मुकादमानं माझ्याकडं बघितलं, आणि मला त्याच्या डोळ्यांत मंगळवार दिसला. चाचा लांब, जीपच्या ड्रायव्हरला गिअर शिकवत होते. पेटीतून तापल्याचा वास येऊ लागला. मी मागं धावलो, डोळे मिटले आणि गुंडी वर फिरवली. डोळे उघडले तर २४७ आपले जन्मापासून एकत्र राहत असल्यासारखे लागलेले.

साहेबांनी विचारलं, काय केलंत? मी सांगायला लागलो. सात तारा, तीन पाळ्या, डोळ्याचं फसणं, सगळं. माझा आवाज टँकरपलीकडं पोचत होता, हे मास्तरांनी मागनं सांगितलं. फेरीत चाचा तिथं उगवले आणि म्हणाले, “मी नुसता डबा केला, साहेब. चालवतो हिमायतनगर.” साहेब मुकादमाला म्हणाले, याला पेटीवरच ठेवा. म्हातारीनं तोवर घागर भरून घेतली होती.

त्या गुंडीवर माझं आयुष्य उभं राहिलं. आज मी घरापासून आणखी लांब, सुरतेला वजनकाटे दुरुस्त करतो. त्यातही तेच लाल आकडे, तोच लपंडाव. मध्यंतरी लातूरला गेलो. चाचांचे गुडघे गेलेत. वकील राहिले नाहीत, किराणावाला मुलाकडं गेला, शिंप्याचा ओटा तुटला. चाचा एकाच खुर्चीवर बसून होते. “ये हिमायतनगर,” म्हणाले, आणि तासभर फक्त माझ्याशी बोलले. एकही वाक्य अर्धं सोडलं नाही. अख्खा चहा पिऊन संपवला.

इतकी वर्षं मला वाटायचं, एकदा तरी या माणसानं माझ्यापाशी नीट बसावं. बसले, आणि मला फेरी मंदावल्यावरचा पेटीचा तो तापल्याचा वास आला. मी उठलो, खुर्चीसकट त्यांना उचलून वकिलाच्या रिकाम्या ओट्यावर नेऊन ठेवलं आणि म्हटलं, “चाचा, तिकडं जरा बघून घ्या, मी आलोच.”