दुसऱ्याच्या दारातला फोटो

अमेरिकेत नोव्हायला आम्ही घर घेतलं ते एका जुन्या कॉन्डोत. तपकिरी विटांची दुमजली इमारत, सामायिक जिना, कपडे धुवायचं मशीन तळघरात सगळ्यांत मिळून. आधीचे मालक सिगरेट ओढायचे. कार्पेट बदललं, भिंती रंगवल्या, तरी दमट हवेत तो वास यायचाच. ऑफिसातले मराठी मित्र एकेक करून नव्या वसाहतींत मोठी घरं घेत होते. त्यांच्या वास्तुशांतीला आम्ही जायचो. आमची मात्र आम्ही नवरा-बायकोनंच उरकून टाकली.

त्या उन्हाळ्यात नागपूरहून आई-बाबा आले. बाबा हेडमास्तर म्हणून निवृत्त झालेले. एअरपोर्टवरून येताना दर मोठ्या घराकडे बोट दाखवून विचारत होते, "असंच का?"

"थोडं लहान आहे, बाबा."

गाडीतून उतरल्यावर त्यांनी मान वर करून पाहिलं. "वर कोण राहतं?"

"एक आजी राहतात."

"आपले भाडेकरू?"

"नाही. वरचं त्यांचं, खालचं आपलं."

"अच्छा," एवढंच म्हणाले आणि बॅग उचलायला वळले. जेवताना आईच बोलली, "स्वयंपाकघरात उजेड छान आहे हो."

चार-दोन दिवसांनी सकाळी फिरायला निघालो. आमच्या मागेच एक नवी वसाहत झाली होती. एका घरासमोर बाबा थांबले. पांढरे खांब, कापून सारखी केलेली हिरवळ.

"इथे आमचा दोघांचा एक फोटो काढ."

"बाबा, हे दुसऱ्याचं घर आहे."

"मी कुठे घर मागतोय? फोटो काढ म्हणतोय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कॉलनीत सांगून बसलोय मी, पोरानं बंगला घेतला म्हणून. फोनवर तू घर म्हणालास. मी काय समजणार?"

तेवढ्यात गराजचं दार वर सरकलं आणि घराची मालकीण बाहेर आली. काही मदत हवी आहे का, तिनं विचारलं. बाबांनी त्यांच्या ठाशीव, शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, की आपलं घर अतिशय सुंदर आहे आणि मला पत्नीसोबत इथे एक फोटो हवा आहे.

ती हसली. फोनसाठी माझ्याकडे हात पुढे करून म्हणाली, "मग तुम्हीही उभे राहा ना. मी काढते."

आम्हाला तिनं पार दारापर्यंत नेलं, तिथे फोटोत फुलं चांगली येतात म्हणून. आई पदर सावरत माझ्याकडे बघेचना. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटत होतं. तिनं हाकलून दिलं असतं तर सोसलं असतं. ती इतकी चांगली वागली की मान वर करवेना. बाबांची लाज वाटत होती, आणि त्याहून जास्त आपल्या घराची.

पुढच्या वर्षी मी नागपूरला गेलो, तर तो फोटो फ्रेम करून बैठकीत लावलेला. संध्याकाळी शेजारचे काका आले. चहा पिता पिता फोटोकडे बघून म्हणाले, "वा! वर किती खोल्या आहेत रे?"

बाबांनी पेपर डोळ्यांसमोर धरला.

"चार," मी म्हणालो.

"छान, छान," म्हणत काकांनी विषय संत्र्यांवर नेला.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात आईजवळ गेलो. ती भाजी निवडत होती.

"चार कशाला सांगितल्यास?" ती हळूच म्हणाली. "मी काकूंना तिकडून आल्या आल्याच सगळं खरं सांगितलंय. वर एक म्हातारी राहते, फार गोड आहे, तिनं मला स्वेटर दिला, सगळं."

"म्हणजे काकांना माहीत होतं?"

"असणारच की. त्यांना वाटलं असेल, यांना बरं वाटावं म्हणून विचारावं."

बाहेर बाबांनी पेपर घडी करून ठेवल्याचा आवाज आला. मी तिथेच पाटावर बसलो आणि आईच्या हातातली मेथी घेऊन निवडायला लागलो.