पाइपावरचा पाय

सोनिवलीत निवृत्तीची पुंजी घालून आम्ही सदनिका घेतली, तेव्हा इमारत अर्धीच उभी होती. खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी बिल्डरने एक माणूस नेमला होता. त्याचे नाव मला कधीच कळले नाही. वाकलेले खिळेसुद्धा तो सरळ करून घेई. असा माणूस स्लॅबमध्ये काय वाचवील, या धास्तीने आमच्या पायाखालचा स्लॅब ओतायच्या दिवशी मी करारनामा घेऊन हजर झालो. बांधकाम तपासा म्हणून लिहिलेल्या माझ्या पत्रांना नगरपालिकेने उत्तर देण्याचे सौजन्य दाखवले नव्हते.

मुकादमाने मिक्सरमध्ये पाण्याचा रबरी पाइप सोडला आणि पाणी एकाएकी थांबले. त्या माणसाने पाइपावर पाय दिला होता.

"साहेब, माल घट्ट झालाय, बायांना ओढवत नाय. थोडा पानी मारू द्या."

"मोजलेल्या बादल्या पडल्या. आता माणसं वाढव."

"पानी तर फुकट आहे ना."

"म्हणूनच उभा आहे. फुकटचं कोणी मोजत नाही, आणि स्लॅब त्यानेच कच्चा होतो."

"काका, तुम्हीच समजवा यांना," मुकादम मला म्हणाला. मी करारनामा पिशवीत ठेवला.

पुढचा स्लॅब आमच्या डोक्यावरचा होता. त्या दिवशी तो माणूस दिसला नाही.

"जादा मजूर लावले म्हणून शेठने काढला त्याला," मुकादम हसत म्हणाला आणि त्याने पाइप उचलला.

बिल्डरला कलमांसकट पत्र जाणारच होते. परंतु पत्र पोहोचेपर्यंत स्लॅब सुकला असता. मी चपलेचा पट्टा घट्ट केला आणि पाइपावर उभा राहिलो.