प्रथिनाची घडी आणि पदरातलं खाजं

मी सातवीत शाळा सोडली आणि चाळिशीत कारापूरच्या एका शाळेत स्टेजवर उभी राहिले, प्रथिनाची सोबतीण म्हणून. माझं माहेर-सासर दोन्ही जालन्याकडचं. नवरा डिचोलीत ट्रक चालवतो, म्हणून आम्ही इथे. शाळेत मी मदतनीस, तीही तात्पुरती. जूनपासून ठेवायचं की नाही, हे मुख्याध्यापिका त्याच आठवड्यात ठरवणार होत्या. त्यामुळे घंटा वाजवतानाही मला वाटे, जास्त जोरात तर नाही ना वाजली?

विज्ञानाच्या सरांना प्रदर्शनात नाटुकलं करायचं होतं. बारा मुलं एक लांब दोरी धरून उभी, हे प्रथिन. पेशीत ते असं दोरीसारखं तयार होतं आणि नीट घडी पडली तरच कामाला येतं. पिवळ्या सदऱ्यांतली मुलं तेलकट, निळ्यांतली पाण्यात रमणारी. पेशीत सगळीकडे पाणी, म्हणून पिवळ्यांना घडीच्या आत लपायचं असतं. पण घडी पडेपर्यंत ती उघडीच, आणि शेजारून दुसरं प्रथिन गेलं की त्याच्या पिवळ्यांना मिठी मारतात. मग होतो गठ्ठा. तो होऊ नये म्हणून पेशीत एक सोबतीण असते, ती मी.

"अंडं उकडल्यावर होतं तसो," सर म्हणाले. "मग परत कच्चं होत नाय."

एवढं मला सातवीतही ठाऊक होतं.

"मग मी एकेकाला जागेवर उभं करू का सर?"

"नाय गो मावशे! घडी कशी पडायची ते मुलांच्या क्रमातच असतं. तू पिवळ्यांना धर, दुसऱ्यांना चिकटू देऊ नको. मग सोड. नाय जमलं तर परत धर, परत सोड. आणि सोडायला शक्ती लागते. ही घे शक्ती. ही खाल्लीस की हात सोडायचे."

शक्ती म्हणजे खाजं, इकडच्या जत्रेत मिळते ती आल्या-गुळाची कांडी.

प्रदर्शनाच्या दिवशी मुख्याध्यापिका पहिल्याच रांगेत. त्यांच्यासमोर तोंड हलवायचं? आमच्याकडे कामाची बाई असं करत नाही. मी खाजं पदराला बांधलं, पिवळ्यांना धरलं आणि न खाताच हात सोडले.

मी सोडलं, पिवळ्यांनी नाही. पदराला आल्याचा वास येत होता.

"मावशे, आमका दी!"

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे दुसरी दोरी धावत आली. तिचे पिवळेही पदरालाच. झाला गठ्ठा, आणि मधोमध मी.

पडद्याआडून सर ओरडले, "मावशे, खा!"

"बाई बघतायत!"

"तू खाल्लं नाय तर प्रथिन मेलं!"

शेवटी पहिल्या रांगेतूनच आवाज आला, "अगो, खा एकदाचं!"

मी खाल्लं. माइक जवळच होता, त्यामुळे कुरुमकुरुम अख्ख्या मैदानाने ऐकलं. आता मिळण्यासारखं काही उरलं नाही, तशी मुलं सुटली. दुसरी दोरी निघून गेली. आमचे पिवळे आपले आपण आत वळले, निळे बाहेर आले. मी एकालाही ढकललं नाही.

नंतर मुख्याध्यापिकांनी बोलावलं.

"घडी तूच घातलीस?"

"नाही बाई, त्यांची त्यांनीच घातली. मी वेळेवर धरलं आणि उशिरा सोडलं."

त्या हसल्या. "बरं, जूनमध्ये..."

"होय बाई!"

"अगो, प्रश्न तरी आयक!"

प्रश्न इतकाच होता की गावाहून कुठल्या तारखेला परत येशील. मी म्हटलं, या वर्षी गावी जातच नाही.